डोळ्यातून मेंदू बघणारे डॉक्टर

आमच्या गल्लीतले पट्टणशेट्टी डॉक्टर डोळ्यांचे, पण तपासताना पेशंटला पहिला प्रश्न विचारायचे, "काल रात्री काय जेवलासा?" डोळ्याचा नि जेवणाचा काय संबंध, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की तासभर गेलाच.

माझं चष्म्याचं दुकान शेजारीच, त्यामुळं माझे असे बरेच तास गेलेत. दोन हजार सालानंतर कधीतरी डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढणारा जुना कॅमेरा घेतला. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या बघून विसरण्याच्या आजाराची चाहूल लागते, असं त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं होतं. "मेंदू उघडून बघता येत न्हाय. डोळा उघडाच असतोय की," ते म्हणायचे. झालं. मोतीबिंदूचा म्हातारा असो की गॅसचं सिलिंडर घेऊन आलेला पैलवान, डॉक्टर त्याच्या डोळ्यात थेंब घालायचे, फोटो काढायचे आणि आठवण तपासायला कालचं जेवण विचारायचे. माझे तर इतक्यांदा काढले, की दुपारभर मला दुकानातले चष्म्याचे नंबर वाचता यायचे नाहीत.

घोटाळा एकच होता. जेवण विचारलं की कोल्हापुरात कुणी आमटी-भाकरी सांगत नाही. जो तो मटणाचा रस्साच सांगायचा, "तांबडा-पांढरा." अगदी एकादशीलासुद्धा. डॉक्टर लिंगायत, मटणाच्या वाटेला कधी न गेलेले. त्यांना ते खरंच वाटायचं. सगळ्या पेठेची स्मरणशक्ती ठणठणीत, असा त्यांनी निष्कर्ष काढला. लोक थापा मारतात हे मी सांगितलं, तेव्हा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

एका दुपारी त्यांनी बायकोला, गिरिजाकाकूंना, कॅमेऱ्यासमोर बसवलं. मी तिथंच डबा खात होतो.

"काल रात्री काय जेवलीस?"

"तांबडा-पांढरा," काकू म्हणाल्या.

जन्मात अंड्याला न शिवलेली बाई. पेशंटांची नक्कल करतायत असं वाटून मी खो खो हसलो. काकू हसल्या नाहीत. त्यांनी डॉक्टरांना हळूच विचारलं, "चुकलं का ओ?"

"न्हाय. बरोबर हाय," डॉक्टर म्हणाले, आणि काकूंची हनुवटी कॅमेऱ्यावर नीट टेकवून दिली.

काकूंना खरंच आठवत नव्हतं, आणि डॉक्टरांना ते आधीपासून ठाऊक होतं. एवढ्या लोकांचे फोटो कशासाठी काढले, ते मला तेव्हा समजलं. निरोगी पडदा कसा दिसतो ते त्यांना बघून ठेवायचं होतं.

फोटो धुऊन आला. डॉक्टर तो ट्यूबलाईटसमोर धरून कितीतरी वेळ उभे होते.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"कायबी न्हाय. स्वच्छ हाय."

"मग बरंच झालं की, डॉक्टर."

त्यांनी फोटो पाकिटात घातला. "डोळ्यात कायतर असतं," ते म्हणाले, "तर इलाज माझ्या हातात होता."