खुर्ची क्रमांक चौदाची वारस

"मॅनेजरचा करार इथे कुणी वाचलाय का?"

प्रश्न एवढासाच होता. पण माइकने तो दसपट करून फेकला, आणि स्टेडियमच्या स्टँडखालच्या त्या लांबोळक्या हॉलमधले दोनशे फुटबॉलवेडे असे चिडीचूप झाले, की मागच्या टेबलावरच्या चहाच्या थर्मासची तोटी ठिबकत होती तेही ऐकू आलं.

माइक धरून उभी होती ती समर्थक संघटनेच्या सचिवांची मुलगी. इयत्ता नववी. घरात तिला अजूनही छोटी म्हणत, जरी ती वडिलांपेक्षा बोटभर उंच झाली होती. सचिव, म्हणजे तिचे बाबा, समोर स्टेजवर बसलेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत डोळ्यांवर चढवला. त्यांचं चष्म्याचंच दुकान होतं, त्यामुळे समोरचं दृश्य बदलेल असा त्यांना मनापासून भरवसा असावा. पण माइकपाशी पोटची पोरच होती.

खरं तर करार गेला खड्ड्यात, छोटीला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिची अडचण वेगळीच होती. शाळेच्या मुलींच्या संघात तिची गोलकीपर म्हणून निवड झाली होती आणि खेळाच्या बाईंना सोमवारी सकाळी 'हो' किंवा 'नाही' हवं होतं. शाळेचे सामने शनिवारी दुपारी. क्लबचे सामनेही शनिवारी दुपारी. आणि शनिवारी दुपारी छोटीने सी रांगेत, बाबांच्या खुर्ची क्रमांक चौदाच्या शेजारी बसायचं हे इतकं ठरलेलं होतं, की ते कुणी ठरवलं हेसुद्धा कुणाला आठवत नव्हतं. तीन आठवडे ती बाबांना सांगू पाहत होती. दर वेळी जीभ टाळ्याला चिकटायची.

"तू ना, भित्री भागूबाई आहेस," असं तिची उंच मैत्रीण म्हणाली होती. तिला सगळे खांब म्हणत.

"रविवारच्या सभेत उठून प्रश्न विचारून दाखव," लांब वेणीवाली म्हणाली होती, "सगळ्यांसमोर. ते जमलं तर घरात एका माणसाला सांगणं काय, चुटकीसरशी होईल."

त्यामुळे सकाळचा दीड तास छोटीने वाद ऐकण्यात काढला. बेकरीवाले काका म्हणत होते मॅनेजरचा करार पाच वर्षांनी वाढवा. न्हावी काका म्हणत होते आजच्या आज हाकला. निवृत्त गणिताच्या गुरुजींनी फळ्यावर खडूने आकडेमोड करून क्लबच्या लाडक्या स्ट्रायकरची, डाव्या पायाने खेळणाऱ्या 'डावऱ्या'ची, किंमत काढली होती: चार कोटी. "त्याला विका आणि तिकिटाचे दर उतरवा!" अशी त्यांची सूचना होती. यावर असा काही गोंधळ माजला, की छोटीने त्याचा फायदा घेऊन माइक उचलला.

"वाचलाय म्हणजे काय!" क्लबचे अध्यक्ष आता भानावर आले. "कारकूनबाई, फाइल आणा. दाखवाच हिला."

कारकूनबाई तीस वर्षं क्लबच्या कपाटाची किल्ली कमरेला लावून होत्या. फाइल आली. अध्यक्षांनी झोकात उघडली, तारीख पाहिली आणि त्यांचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला.

"हा तर... संपलाय."

"कधी?" न्हावी काका आशेने ओरडले.

"चौदा महिन्यांपूर्वी."

खिडकीपाशी मॅनेजर स्वतः बिस्कीट बुडवत बसले होते. अर्धं बिस्कीट चहात गेलं. "अहो, मग मी रोज सकाळी सहाला येतोय तो कशाला?"

"आम्हाला काय माहीत? तुम्ही येता, म्हणून आम्ही दार उघडतो," कारकूनबाई शांतपणे म्हणाल्या.

"आणि पगार येतोय तो?"

"बंद करा असं मला कुणी सांगितलं नाही."

न्हावी काका मटकन खाली बसले. जो कामावरच नाही त्याला हाकलायचं कसं? बेकरीवाल्यांचीही तीच गत, कारण वाढवायला करार शिल्लक नव्हता. दोघंही सात वर्षांत पहिल्यांदा एकमेकांकडे बघून हळहळले.

"ते जाऊ द्या," गुरुजींनी फळ्यावर टिचकी मारली. "आपला डावऱ्या तर आहे ना? चार कोटी!"

कारकूनबाईंनी फाइलचं पुढचं पान उलटलं. मग मागचं. मग एक पिवळी पडलेली चिठ्ठी काढून अध्यक्षांच्या हातात ठेवली. अध्यक्षांनी ती पाहिली आणि तशीच बाबांकडे सरकवली. बाबांनी ती वाचली.

"'सदर खेळाडू एका सीझनपुरता उसना घेतला आहे. सीझन संपताच परत करावा.' खाली नदीपलीकडच्या क्लबचा शिक्का." बाबांनी तारीख पाहिली आणि खुर्चीचा हात घट्ट धरला. "सहा वर्षं झाली."

"परत नाही केला?"

"कुणी मागायला आलंच नाही!" कारकूनबाई म्हणाल्या.

सभेच्या अंगावर पाल पडावी तसं झालं. ज्या डावऱ्याने गेल्या सहा वर्षांत नदीपलीकडच्या क्लबवर अकरा गोल चढवले, तो नदीपलीकडचाच होता! "हळू बोला रे," कुणीतरी कुजबुजलं, "त्यांचा माणूस बसला असेल इथे." सगळे एकमेकांकडे संशयाने पाहू लागले. गुरुजींनी डस्टर उचललं आणि चार कोटी हळूच पुसून टाकले.

 छोटीने फक्त एक धागा ओढला होता, आणि इथे अख्खा स्वेटर उसवत चालला होता. मागे खांब आणि वेणीवाली तोंडावर हात दाबून बसल्या होत्या.

"म्हणजे ह्या क्लबात चालू करार एकाचाही नाही?" न्हावी काका गरजले.

"आहे ना," कारकूनबाई म्हणाल्या. "तुमचा."

त्यांनी कपाटातून एक जाडजूड गठ्ठा काढला. सीझन तिकिटांचे अर्ज. प्रत्येकाची सही असलेले. मागच्या बाजूला मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत अटी. दोनशे माणसं अर्जांवर तुटून पडली, पण वाचता कुणालाच येईना. मग सगळे अर्ज बाबांपुढे आले. बाबा रोज दुकानात गिऱ्हाइकांकडून तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ वाचून घ्यायचे. स्वतःच्या सहीमागची ओळ त्यांनी चौदा वर्षांत वाचली नव्हती. खिशातलं भिंग काढून त्यांनी वाचायला सुरुवात केली.

"'तिकिटाचे दर क्लब वाटेल तेव्हा वाढवील. धारकाने टाळ्या वाजवून मान्यता द्यावी.'"

"अरे देवा," बेकरीवाले काका पुटपुटले, "आपण दर वर्षी वाजवतो की!"

खरंच होतं. अध्यक्षांचं भाषण संपलं की टाळ्या वाजवायच्या, ही सभ्यता इथे फार जुनी होती.

"'सलग तीन सामने गैरहजर राहिल्यास खुर्ची क्लबकडे परत जाईल.' आणि... 'धारकाने वारस नेमावा. वारसाने शेजारच्या खुर्चीवर बसून...'" बाबा एकाएकी थांबले. त्यांनी अर्ज घाईघाईने घडी घालून खिशात कोंबला. "बाकी काही विशेष नाही."

पण छोटीचे डोळे तरणेताठे होते. स्टेजच्या कडेला सरकून, घडी पडण्याआधी तिने खालचा कोपरा पाहिला होता. तिथे 'वारस' या शब्दापुढे तिचं नाव होतं. आणि सहीच्या जागी एक अंगठा. वाटाण्याएवढा.

सभा चहा न पिताच उठली. मॅनेजर मात्र सोमवारी सहाला यायचं की नाही हे विचारत अध्यक्षांच्या मागे फिरत राहिले.

घरी पोचल्यावर छोटीने बाबांच्या खिशातून अर्ज काढला आणि टेबलावर, आईच्या ताटाशेजारी, उघडून ठेवला. आई परिचारिका होती. अंगठा पाहून तिचा घास हातातच राहिला.

"अहो, ही तारीख बघा! पोर अकरा दिवसांची होती! तुम्ही तर म्हणालात हिला कोवळं ऊन दाखवून आणतो!"

"दाखवलं ना," बाबा केविलवाणे म्हणाले. "स्टँडमध्ये छान ऊन येतं त्या वेळेला."

"आणि तुम्ही हिला परत आणल्यावर मी हिच्या अंगठ्यावरची शाई कापसाने पुसत बसले! मला वाटलं, रक्त साकळलंय! डॉक्टरांना फोन लावला होता मी!"

"तू असं बोलतेस, पण आधी तर मी तुझंच नाव घालणार होतो वारस म्हणून."

"माहितीये. म्हणून तर बारा वर्षं शनिवारची ड्यूटी मागून घेतेय," आई बोलून गेली.

बाबांनी आ वासला. गेली बारा वर्षं ते रुग्णालयाच्या नावाने बोटं मोडत होते.

छोटीने मात्र अर्ज जवळ ओढला होता. अंगठ्याखाली आणखी एक ओळ होती, आणि ती भिंगाशिवाय तिला लख्ख दिसत होती. तिने ती मोठ्याने वाचली. "'दर सीझनच्या सुरुवातीला वारसास, येणार का, असे विचारावे. नकार आल्यास सक्ती करू नये.'" तिने वर पाहिलं. "बाबा, तुम्ही चौदा वर्षांत एकदा तरी विचारलंत?"

बाबांनी चष्मा काढला. पुसला नाही. नुसता हातात धरून बसले. "मला वाटायचं, तुला आवडतंच," ते हळू म्हणाले. मग खुर्चीत नीट ताठ बसले, सभेत बसत तसे, आणि घसा साफ केला. "येणार का?"

दोनशे माणसांसमोर जेवढी धडधड झाली नव्हती तेवढी आता झाली. पण या वेळी जीभ टाळ्याला चिकटली नाही.

"नाही," छोटी म्हणाली. "शनिवारपासून मी शाळेच्या संघाची गोलकीपर आहे. बाईंना उद्या 'हो' सांगणार आहे." बाबांचा चेहरा उतरला. तिने वहीचं एक कोरं पान फाडून त्यांच्यापुढे सरकवलं, आणि त्यांच्याच दुकानाच्या पिशवीतून स्टँपपॅड काढून शेजारी ठेवलं. "सलग तीन चुकले तर तुमची खुर्ची जाते. म्हणजे दोन चुकवता येतात. तेव्हा दोन शनिवार माझ्या सामन्याला, तिसरा डावऱ्याला, तो राहिला तर. आई, तुझी ड्यूटी मंगळवारी करून घे. बघायला एकच बाक आहे, तिकीट नाही, टाळ्या मात्र मनापासून वाजवायच्या. बारीक अक्षरात काही लिहिलेलं नाही. आता इथे अंगठा करा."