अज्ञात गृहस्थांचा दुखवटा

एकट्यानं पिणं वाईट, याबद्दल माझं आणि माझ्या बायकोचं, रिम्माचं, कधीच दुमत नव्हतं. (दुमत होतं ते दुकट्यानं पिण्याबद्दल.) वोलोग्दाला बहिणीकडे निघताना दारात बूट चढवता चढवता तिनं बजावलं, "वेन्या, परत एकटा पीत बसलेला दिसलास ना, तर मी तिकडेच राहीन. थट्टा नाही."

रिम्मा थट्टा करत नाही. मागच्या वर्षी ती खरंच तिकडे राहिली होती आणि मी अख्खा वसंत उकडलेल्या बटाट्यांवर काढला होता. ती नसली की घरात घड्याळसुद्धा मोठ्यानं वाजतं. ते दिवस मला पुन्हा नको होते.

पण रविवारी दुपारी बाहेर बर्फ पडत होता आणि कोबीच्या बरणीमागे बाटली सापडली. (सापडली म्हणजे मीच ठेवली होती, पण सापडल्याचा आनंद तेवढाच झाला.) आता प्रश्न फक्त सोबतीचा होता. खालच्या मजल्यावरच्या प्रोखोरला बोलवावं तर त्याची बायको फायना ती बातमी सगळ्या जिन्याला पुरवणार. मग माझी नजर भिंतीवरच्या अज्ञात गृहस्थांकडे गेली.

हे गृहस्थ रिम्माच्या आजीकडून आमच्याकडे आले. तळहाताएवढी पितळी चौकट, आत हस्तिदंतावर जलरंगात काढलेला चेहरा, उंच कॉलर, भरघोस कल्ले. एकदा दाखवायला नेलं तेव्हा वस्तुसंग्रहालयातल्या बाई म्हणाल्या होत्या, गृहस्थही अज्ञात आणि चित्रकारही. मी त्यांना टेबलावर मिठाच्या भांड्याला टेकवून बसवलं आणि त्यांच्यापुढे पेला भरला. नुसतं पाजणं बरं दिसेना, म्हणून काळ्या पावाचा तुकडा कापला. स्वच्छ बशी घरात एकही नव्हती, तेव्हा पाव पेल्यावरच ठेवला. आता मी एकटा नव्हतो.

तेवढ्यात मीठ मागायला फायना आत आली. आधी तिनं दिवाणखान्यातला आरसा पाहिला. त्यावर मी धुतलेली चादर वाळत टाकली होती. मग चित्र पाहिलं, पेला पाहिला, पेल्यावरचा पाव पाहिला. घरात कोणी गेलं की आमच्याकडे आरसा झाकतात आणि गेलेल्याच्या चित्रापुढे पावानं झाकलेला पेला ठेवतात. एवढं दिसल्यावर "काय झालं" असं कोणी विचारत नाही.

"कोण गेलं?" तिनं छातीवर क्रूसाची खूण करत विचारलं.

खरं सांगता आलं असतं. पण खरं सांगायचं म्हणजे मी पितोय हे सांगायचं, आणि ते वोलोग्दाला पोचलं असतं. दुखवट्यात पिणारा माणूस मात्र पिणारा ठरत नाही, दुःखी ठरतो.

"मामा," मी म्हणालो.

"तुमचे? आणि कधी बोलला नाहीत. आजारी होते?"

"नाही. अचानक."

"वय काय होतं हो?"

"बरंच होतं."

"आणि कपडे असे कसे?"

"नाटकात कामं करायचे."

फायनाच्या डोळ्यांत पाणी आलं. अर्ध्या तासात आमच्या जिन्यातले सगळे घरात जमले. दुखवट्याला करतात ते मध घालून शिजवलेले गहू आले, घावन आले, काकड्या आल्या. रीतीप्रमाणे पेल्याला पेला न भिडवता सगळे गंभीरपणे प्यायले. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांनी मामांना रंगमंचावर प्रत्यक्ष पाहिलं होतं. फायनाला ते एकदा जिन्यात भेटले होते आणि त्यांनी तिची पिशवी उचलली होती. ऐकता ऐकता मलाच मामांची आठवण येऊ लागली.

खुर्च्या कमी पडल्या म्हणून प्रोखोर आपल्या घरून स्टुलं आणायला खाली गेला. आणि रिम्मा एक दिवस आधीच परत आली.

मी स्वयंपाकघरात काकडी कापत होतो. जिन्यातून हंबरडा ऐकू आला. प्रोखोरनं तिला पायरीवर गाठून "रिम्मा, धीर धर, तुमच्याकडे दुःख झालंय" एवढंच सांगितलं होतं, आणि तिच्या हिशेबानं घरात तर मी एकटाच होतो.

"माझा वेन्या," ती दारातच कोसळली. "कधी आवाज चढवला नाही हो त्यानं. एवढा साधा माणूस. मीच त्याला टोचत राहिले."

मी चाकू हातात धरून ऐकत राहिलो. माझ्याबद्दल इतकं चांगलं या घरात आधी कोणी बोललं नव्हतं, मध्येच थांबवायचं जिवावर आलं. पण तिचं रडणं ऐकवेना, म्हणून बाहेर आलो. तिनं मला चाचपलं, गाल ओढला, मग घट्ट धरलं.

"मेला नाहीस?"

"नाही."

"मग मेलं कोण?"

सगळ्या खोलीनं माझ्याकडे पाहिलं. मी सांगून टाकलं. बाटली, सोबत, पाव, बशी, सगळं. आता ती पुन्हा स्टेशनवर जाते की काय, एवढीच मला भीती होती.

प्रोखोरनं खाकरून विचारलं, "हे चित्रातले गृहस्थ हयात आहेत का?"

"छे. जाऊन दीडशे वर्षं तरी झाली असतील."

"म्हणजे गेलेत ना? मग सगळं रीतीला धरूनच झालं. भरा."

रिम्मा रडता रडता हसायला लागली. "पी बाबा," ती म्हणाली, "पण माणसांत पी. आणि मरू नकोस." माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. ती कुठेही जाणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघालो तर खुंटीवर माझा मेंढीच्या कातड्याचा कोट नव्हता.

"अरे हो," रिम्मा म्हणाली. "काल जिन्यात मला वाटलं तू गेलास. तेव्हा प्रोखोरला म्हटलं, आता त्याचा कोट तुम्हीच घाला. रात्री जाताना नेला वाटतं त्यांनी."

मी खाली गेलो. प्रोखोर कोट घालूनच उभा होता. "द्यायला माझी ना नाही," तो म्हणाला. "पण दुखवट्यात दिलेली वस्तू परत घेतली की मालक दगावतो म्हणतात."

मागून आलेली रिम्मा पांढरी पडली. "असू दे हो. जीव मोठा की कोट?"

तेव्हापासून या थंडीत मी जुन्या फाटक्या जाकिटात ट्रॉलीबसची वाट बघतो. काल खिडकीतून प्रोखोर अंगणातून जाताना दिसला. रिम्मा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

"काय देखणा कोट आहे रे तो," ती म्हणाली. "तू घालत होतास तेव्हा कधी लक्षातच आलं नाही."