नोएलियाच्या चौकातली सात मडकी

नोएलियाने फोन उचलला आणि एका दमात लिहून टाकलं, "आमच्या कांदेलाचा सातवा वाढदिवस चेंडूघरात होणार नाही! आमच्या इमारतीच्या चौकात होईल. शुक्रवारी पाच वाजता. अख्ख्या वर्गाला आमंत्रण आहे. न येणाऱ्याने कारण सांगावं!"

पहिलीच्या आयांचा तो ग्रुप. एरवी तिथे एखाद्या पोराचा हरवलेला मोजा सापडला तरी चाळीस निरोप येत. पण त्या दिवशी अख्ख्या कुएंका शहरावर दुपारची झोप उतरल्यासारखी शांतता पसरली. नोएलियाने काहीतरी अघोरी लिहिलं होतं ना!

कारण गेली दोन वर्षं त्या वर्गातला एकूण एक वाढदिवस चेंडूघरातच होत होता. चेंडूघर म्हणजे हमरस्त्याकडेचं एक मोठं गोदाम. आत गुडघाभर प्लॅस्टिकचे चेंडू, पोरांच्या मोज्यांचा वास आणि प्रत्येक वाढदिवसाला तोच पिझ्झा, तीच गाणी. दोन तास झाले की दिवे विझवून सगळ्यांना बाहेर काढत, कारण पुढचा केक दारात उभा असायचा. एकदा या घाईत ब्रुनोच्या केकवरच्या मेणबत्त्या दुसऱ्याच शाळेतल्या एका मुलीने फुंकल्या होत्या, आणि ब्रुनोच्या आजोबांनी भलत्याच पोराचे कान ओढले होते. वाढदिवसाच्या पोराचे वयाइतक्या वेळा कान ओढायचे ही तिथली रीत खरी, पण पोर तरी आपलं हवं की नको?

शेवटी बेगोन्याचं उत्तर आलं. बेगोन्या म्हणजे ग्रुपची कर्तीधर्ती. कुठल्या तारखेला कुणाचा वाढदिवस करायचा, हे पोर जन्मल्याच्या तारखेवर नाही, बेगोन्यावर ठरायचं. तिने लिहिलं, "किती गं धाडसी तू!" आणि पुढे टाळ्या वाजवणारे तीन हात.

"टाळ्या वाजवतेय मेली!" नोएलिया फोनकडे बघून खेकसली. "वाजव! शुक्रवारी माझ्या चौकात येऊन वाजव!"

तिचा नवरा इस्माएल बेकरीत रात्रपाळीला होता. म्हणजे घरात काहीही पेटलं की तो हमखास झोपलेला असे. तो कुशीवर वळून म्हणाला, "चेंडूघरात केलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"तू झोप!" नोएलिया म्हणाली. तो झोपला.

कांदेला मात्र जागी होती आणि दारात उभी होती. "आई, हिमेना म्हणते, घरचे वाढदिवस बाळांचे असतात." हिमेना म्हणजे बेगोन्याची लेक. "कुणी आलंच नाही तर? आणि आले नि कंटाळून निघून गेले तर?"

पोरीचा ओठ थरथरला. नोएलियाने तिला जवळ ओढलं. पण माघार घेणं तिच्या रक्तात नव्हतं.

"सगळे येतील. आणि जायचं नाव कुणी काढणार नाही. तसं झालं नाही ना, तर पुढच्या वर्षीपासून तू मिशा येण्याइतकी मोठी झालीस तरी तुझा वाढदिवस चेंडूघरात! मी तोंडातून ब्र काढणार नाही."

"मला मिशा येणार नाहीत."

"तेच म्हणतेय मी!"

दुसऱ्या दिवशी जिन्यात उल्पियानोसाहेब आडवे आले. हे इमारतीचे अध्यक्ष, पहिल्या मजल्यावर राहणारे, एकटे. त्यांच्या खिडकीखालीच चौक. तिथे कुणी शिंकलं तरी ते खिडकी उघडून बघत.

"चौकात मुलांनी खेळायला बंदी आहे, बाई."

"खेळणार कुठे आहेत? वाढदिवस साजरा करणार आहेत."

"आरडाओरडीलाही बंदी आहे!"

"मग तुम्ही हळू बोला ना!" असं म्हणून नोएलिया टकाटका जिना चढून गेली.

गुरुवारी गावाकडून तिचे वडील आले, दामासो. खांद्यावर पोतं, पोत्यात सात मातीची मडकी. दामासोंच्या गावच्या जत्रेत मडकी टांगायची, डोळे बांधून काठीने फोडायची, अशी चाल होती. सात वर्षं, सात मडकी! चेंडूघरात आहे का असलं काही? नोएलियाने त्यांच्या हातात गोळ्या-चॉकलेटांची मोठी पिशवी दिली, "बाबा, मडकी तुम्ही भरा" म्हणाली आणि बटाटे सोलायला बसली. सहा भल्यामोठ्या तोर्तिया, म्हणजे बटाटे घातलेली अंड्यांची जाडजूड धिरडी, करायच्या होत्या. त्यांना बटाटे-अंडी लागतात तितकाच वेळही लागतो.

इथे तिचं चुकलं. ती शहरात वाढलेली. मडकी म्हणजे गोळ्या, एवढंच तिला ठाऊक. दामासो मात्र जत्रेच्या मडक्यांत मुरलेला माणूस. सगळ्या मडक्यांत गोळ्या भरणं म्हणजे त्यांच्या लेखी पोरांची फसवणूक! फोडायची मजा ती काय राहिली? त्यांनी मुकाट्याने आपलं काम केलं, मडक्यांची तोंडं फडक्याने बांधली आणि खूण म्हणून कशावर साधी रेघही ओढली नाही. खूण करतो तो लबाड, असं त्यांच्या गावात मानत.

शुक्रवार उजाडला. नोएलियाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून समोरच्या भिंतीपर्यंत कपडे वाळत घालायची दोरी होती, कप्पीवर सरकणारी. दामासोंनी तिला लांब सुतळ्यांनी मडकी टांगली. ती थेट खाली चौकात पोरांच्या डोक्यावर लोंबायला लागली. "मी वरून दोरी सरकवतो," दामासो म्हणाले. "मडकं पळालं पाहिजे. उभ्या मडक्याला काय, कुणीही मारेल!"

पाचला माणसं यायला लागली. चेंडूघरात आया पोरं सोडून पळून जात. इथे घरगुती बोलावणं म्हटल्यावर एकही आई हलेना. बाप आले, दोन्हीकडच्या आज्या आल्या, तान्ही भावंडं ढकलगाडीतून आली. वरच्या मजल्यांवरचे शेजारी खुर्च्या घेऊन उतरले. आता इमारतीतच वाढदिवस आहे तर वेगळं बोलावणं कशाला हवं? पोरांनी चॉकलेटच्या सँडविचला हात लावायच्या आत आज्यांनी सहाच्या सहा तोर्तिया संपवल्या, आणि वर "मीठ जरा कमी होतं हं!" असं सांगितलं. इस्माएलला उठवून आणखी पाव आणायला पिटाळलं. तो पायजम्यातच गेला.

सर्वांत शेवटी बेगोन्या आली. पांढराशुभ्र लिननचा सूट, केस नुकतेच सेट केलेले. चौकभर नजर फिरवून म्हणाली, "अगं, किती छान! अगदी जुन्या काळासारखं. आणि ती मडकी... स्वच्छ आहेत ना गं?"

"तुझ्या जिभेपेक्षा!" असं नोएलियाच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते एका ऑलिव्हबरोबर गिळलं.

पहिला मान पाहुण्यांचा. हिमेनाचे डोळे बांधले, हातात काठी दिली. वरून दामासोंनी दोरी ओढली, मडकं सुळकन सरकलं आणि नेमकं बेगोन्याच्या डोक्यावर जाऊन थांबलं. हिमेना आवाजाच्या दिशेने वळली. फटाक्!

पीठ! शेरभर पांढरंधोप पीठ! सगळा चौक धुक्यात गेला. धुकं विरलं तेव्हा मधोमध बेगोन्या उभी, आणि तिचे केस कुठे संपतात नि सूट कुठे सुरू होतो ते समजेना.

"काही झालं नाही, काही झालं नाही!" नोएलिया फडकं घेऊन धावली. "सूट तसाही पांढराच आहे!" आणि वर बघून तिने दोन्ही हात जोरजोराने हलवले. बाबा, थांबा! पण तिसऱ्या मजल्यावरून दामासोंना दिसलं ते एवढंच, की लेक आनंदाने हात हलवतेय. त्यांनीही हात हलवला आणि पुढचं मडकं सरकवलं. ब्रुनोने काठी हाणली.

पाणी! तेही बेगोन्यावरच! आता पीठ आणि पाणी एकत्र आलं की त्याचं काय होतं, हे कुणाला सांगायला नको. बेगोन्याने गालावरून हात फिरवला तर हाताला गोळा आला. एक आजी कौतुकाने म्हणाली, "छान मळलं गेलंय. अजून जरा तेल हवं होतं."

"हिमेना!" बेगोन्या कडाडली. "चल! इथून आपण सरळ चेंडूघरात जातोय. आणखी कुणाला यायचंय? माझ्या ओळखीने आत्ता जागा मिळेल!"

झालं! एका आईने पिशवी उचलली. दुसरीने पोराचं जाकीट शोधायला घेतलं. तिसऱ्या मडक्यातून राख पडली तेव्हा चौथी, पाचवी, सहावी दाराकडे वळल्या. कांदेला केकशेजारी उभी होती, कागदी मुकुट कानावर घसरलेला. ती रडली नाही. नुसती आईकडे बघत राहिली, आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं. नोएलियाला वाटलं, आपल्या हट्टापायी पोरीचा वाढदिवस आपणच फोडला. तरीही ती दारात जाऊन आडवी उभी राहिली आणि ओरडली, "केक कापल्याशिवाय माझ्या चौकातून कुणी जाणार नाही!"

तेवढ्यात पहिल्या मजल्याची खिडकी धाडकन उघडली. "बंद करा हा तमाशा!" उल्पियानोसाहेब! चेहरा लालबुंद, हातात झाडू. "मी अध्यक्ष आहे! मी पोलिसांना बोलावीन!"

वर दामासो रंगात आले होते. त्यांनी दोरीला असा झटका दिला की चौथं मडकं झोके घेत थेट उल्पियानोसाहेबांच्या नाकासमोर गेलं. साहेबांना वाटलं, आपल्यावर हल्ला झाला! त्यांनी झाडू उगारला आणि सर्वशक्तीनिशी मडक्यावर हाणला. मडकं त्यांच्या खिडकीतच फुटलं.

मग साहेबांच्या घरातून अशी किंकाळी आली की चौथ्या मजल्यावरचा पोपट आठवडाभर बोलला नाही.

बेडूक होते. गावच्या तळ्यातले, ओल्या शेवाळात गुंडाळून आणलेले, चांगले टुणटुणीत बेडूक!

"बेडूक!" ब्रुनो ओरडला. "साहेबांच्या घरात बेडूक!"

मग काय! अख्खी पहिली जिन्याकडे धावली. दारात आडवी उभी असलेली नोएलिया भिंतीला चिकटली म्हणून वाचली. हिमेना आईचा हात झटकून सर्वांत पुढे. मागे कांदेला, मागे दोन बाप, त्यांच्या मागे पावांची पिशवी घेऊन नुकताच परतलेला इस्माएल. दार साहेबांनीच उघडलं, कारण त्यांना बाहेर पळायचं होतं. पण पोरांचा लोंढा त्यांना परत आत घेऊन गेला. नोएलिया पोचली तेव्हा इमारतीचे अध्यक्ष जेवणाच्या टेबलावर उभे होते आणि विजार दोन्ही हातांनी वर धरून म्हणत होते, "तिकडे! पडद्यामागे! पकडा रे, बाळांनो, पकडा!"

"साहेब," नोएलिया गोड आवाजात म्हणाली, "इमारतीच्या बैठकीत सांगू का मी, तुम्ही कुठे उभे होतात ते?"

साहेबांनी खाली पाहिलं. एक बेडूक त्यांच्या सपातेत बसला होता.

"केक..." ते क्षीण आवाजात म्हणाले, "कशाचा आहे?"

पुढची हकीकत सगळ्या कुएंकाला माहीत आहे. बेडूक सापडले, मोजले, परत निसटले, परत सापडले. उरलेल्या मडक्यांसाठी पोरांनी रांग लावली. शेवटच्या मडक्यातून एकदाच्या गोळ्या पडल्या, आणि बिनखुणेचं ते मडकं फोडलं कांदेलाने. सगळ्यांनी मिळून तिचे कान ओढले, सात वेळा आणि वाढीचा वर एक. उल्पियानोसाहेबांनी मोजायला चुकल्याचं निमित्त करून दोनदा ओढले. चेंडूघराचं नाव कुणी काढलं नाही. दहा वाजता पोरांना अक्षरशः उचलून न्यावं लागलं. बेगोन्या शेवटपर्यंत बसली, कारण सूट वाळून इतका कडक झाला होता की तिला वाकता येत नव्हतं.

रात्री कांदेला आईच्या गळ्यात पडली. "आई, जगातला सगळ्यात भारी वाढदिवस!"

"सांगितलं नव्हतं?" नोएलियाची छाती दोन इंच फुगली. इतक्यात फोन वाजला. ग्रुप. पहिला निरोप बेगोन्याचाच होता. "हिमेना चेंडूघरात करायचा नाही म्हणतेय. चौदा तारखेला तुझा चौक रिकामा आहे ना? तुझे बाबा येतील ना, बेडूक घेऊन?" त्याखाली ब्रुनोच्या आईचा, त्याखाली आणखी कुणाचा. ग्रुपमध्ये रांग लागली. नोएलियाने सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "या! आमचा चौक सर्वांना मोकळा आहे!" जिंकलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, हेच वाईट.

वर्षभर दर शुक्रवारी चौकात मडकी फुटली. वर्षभर दर शनिवारी नोएलियाने भिंतींवरची वाळलेली कणीक सुरीने खरवडली. आया आता दामासोंना परस्पर फोन करत. उल्पियानोसाहेब तर आपला झाडू घेऊन चार वाजल्यापासूनच खिडकीत बसत आणि चौथं मडकं माझं, म्हणून पोरांशी भांडत.

कांदेलाच्या वाढदिवसाचा मे महिना परत आला. नोएलिया कंबर कसून म्हणाली, "कांदेला, यंदा आठ मडकी!"

कांदेला बोटं चाळवत म्हणाली, "आई, रागावणार नाहीस ना? चौकात काय, सगळ्यांचेच होतात. माझा काहीतरी वेगळा कर ना. चेंडूघरात."

"कदापि नाही!" नोएलिया गरजली. "माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही!"

मग ती तरातरा न्हाणीघरात गेली, कडी लावली, नळ पूर्ण सोडला आणि चेंडूघराला फोन लावला. शुक्रवारी जागा आहे का? आहे, आहे! हल्ली शुक्रवारी कुणी येतच नाही हो. पलीकडच्या पोरीने विचारलं, "कुणाच्या नावाने लिहू?"

नोएलियाने एकदा दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि ताठ मानेने म्हणाली, "बेगोन्या!"