तीन पोटांचं भांडं

आमच्या हिराजीमामांना काचेच्या पेल्यातून चहा दिला, की तो हमखास गार होतो. मामा आधी पेला उजेडाकडे धरतात, एक डोळा मिटून सावकाश गोल फिरवतात, मग डोक्याच्या वर उचलून खालून त्याचं बूड बघतात. एवढं झाल्यावर "बुडबुडा हाय एक, बाकी बरा हाय," असं यजमानांना सांगून तो गार चहा पितात. एका साखरपुड्यात त्यांनी सरबताच्या पेल्याची अशीच तपासणी चालवली, तर मुलाकडची माणसं एकेक करून आपापले पेले खाली ठेवू लागली. सरबतात काहीतरी पडलंय असा त्यांचा समज झाला होता. तेव्हापासून समारंभाला जाताना मामी स्वतःच्या पिशवीत एक स्टीलचा पेला घेऊनच निघतात.

मामा आमच्या आचोळ्याच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतात, मी तिसऱ्या. ते मूळचे खाडीकडचे, घरची भातशेती. पण त्यांचा जीव शेतात कमी आणि भट्टीत जास्त रमला. वालीवच्या एका लहानशा कारखान्यात त्यांनी सारी हयात प्रयोगशाळेची काचेची भांडी फुंकण्यात घालवली. फ्लास्क, कंडेन्सर, नागमोडी नळ्या. समोर आग आणि तोंडात नळी, असं वर्षानुवर्षं. त्यामुळे गाल असे झाले आहेत की मामा नुसते गप्प बसले तरी आता काहीतरी फुंकणार असं वाटतं.

मी शाळेत विज्ञान शिकवते, हा माझा गुन्हा. मामांनी मला परस्पर नेमून टाकलं आहे. रोज सकाळी सातला, नेमकी पोळी तव्यावर असताना, बेल वाजते. दारात मामा, हातात पेपरातून कापलेली बातमी. जगात कुठे काही शोध लागला असला, की त्याचं कात्रण आणि ठरलेला प्रश्न.

"बाई, ह्याच्यान काच कुठं हाय?"

मामांच्या मते काचेशिवाय आजवर एकही शोध लागलेला नाही. आणि कुठल्याही शोधातली काच वालीवची नसेलच असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. कारखान्याच्या मालावर नाव मुंबईच्या व्यापाऱ्याचं लागायचं. म्हणून मामा प्रत्येक भांड्याच्या बुडाशी मोहरीएवढा काचेचा ठिपका ठेवत. मालकाला तो दोष वाटायचा, मामांना ती सही वाटायची. आयुष्यात एकही चहाचा पेला न बनवलेला हा माणूस दिसेल त्या पेल्याचं बूड का बघतो, ते तुमच्या आता लक्षात आलं असेल. सवय आहे ती, दुसरं काही नाही.

शोधांच्या बाबतीत मामा जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र असा भेदभाव करत नाहीत. साथीच्या दिवसांत नव्या पद्धतीच्या लशी आल्या. आत नुसता एक नाजूक संदेश असतो, तो वाचून शरीर स्वतःच तयारीला लागतं, असं मी त्यांना समजावलं. "आन् तो संदेश ठेवलाय कशान?" मी म्हटलं, काचेच्या कुपीत. झालं. आमच्या रांगेत मामांचा नंबर आला, तेव्हा नर्सताईंना वाटलं आजोबा तारीख बघायला कुपी मागतायत. मामांनी रिकामी कुपी खिडकीकडे धरली, बूड पाहिलं, "मशीनची हाय, पन नीट हाय," म्हणाले आणि बाही वर केली. आपल्याला टोचली ती लस कुठली होती हे त्यांनी विचारलंही नाही.

माणसाच्या पेशीत शिरून बिघडलेलं जनुक दुरुस्त करतात आणि रक्ताचे जन्मजात आजार बरे होऊ लागलेत, ही बातमी आली तेव्हा मात्र माझी पंचाईत झाली. या कामातल्या बारीकसारीक नळ्या आता सगळ्या प्लास्टिकच्या. मी खरं ते सांगून बसले. मामा एवढंसं तोंड करून खाली गेले. दोन दिवस बेल नाही. तिसऱ्या दिवशी मीच खाली जाऊन सांगितलं, की सूक्ष्मदर्शकाची भिंगं काचेचीच असतात, त्याशिवाय ती पेशी दिसणारच नाही. "मंग ठीक," म्हणाले, आणि रजा मिळावी तसे उठून भाजी आणायला गेले.

वाळवंटातल्या कोरड्या हवेतून पाणी ओढून घेणाऱ्या नव्या स्फटिकांची बातमी वाचून ते म्हणाले, "दोन पोती आचोल्याला पाठवा म्हनावं, टँकर तरी बंद होतील." कॉम्प्युटर आता प्रथिनांचे आकार नुसत्या हिशेबाने सांगतो, हे मी सांगितलं, तर त्यांनी शांतपणे विचारलं, "त्या कॉम्प्युटरला म्होरं काय असतं? काचच ना?" आणि अवकाश थरथरतं ते मोजणाऱ्या यंत्रातले आरसे काचेचे असून काचेच्याच धाग्यांना टांगलेले असतात, हे कळल्यावर त्यांनी सबंध इमारतीत जिलेबी वाटली. सेक्रेटरींनी अभिनंदन करून विचारलं, मुलगा की मुलगी. मामा म्हणाले, "धागा."

हसून घ्या. मीही हसते. पण आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतला एकुलता एक कंडेन्सर तडकला, तेव्हा नवीन येईपर्यंत वर्ष गेलं असतं. मामांनी तो टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर धरून बसने वालीवला नेला, जुन्या भट्टीवर बसून सांधला आणि तसाच मांडीवर परत आणला. माझ्या वर्गातल्या मुलांनी वाफेचं पाणी होताना पहिल्यांदा पाहिलं ते मामांच्या काचेतून. या माणसाची मी फार ऋणी आहे, हे मला इथे सरळच लिहून टाकायचं आहे.

तर ही रोजची कात्रणं म्हणजे नुसता छंद नव्हता. मामा एका भांड्याची वाट बघत होते.

पंचवीसेक वर्षांपूर्वी एक संशोधक बाई रिक्षा करून वालीवला आल्या होत्या. हातात कागदावर काढलेली आकृती. मामा तिला नकाशा म्हणतात, आणि त्या बाईंना नकाशावाल्या बाई. फ्लास्कच्या पोटात फ्लास्क, त्याच्याही पोटात फ्लास्क आणि सगळ्यात आत वळणावळणाची नळी. चार कारखान्यांनी त्यांना परत पाठवलं होतं. मामांनी ते तीन पोटांचं भांडं बनवलं. दोनदा फुटलं, तिसऱ्यांदा साधलं. उन्हाच्या जोरावर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं इंधन बनवायचा बाईंचा प्रयत्न होता. भांडं घेऊन जाताना त्या म्हणाल्या, "यातून काही निघालं तर तुम्हाला नक्की कळवीन."

कळवलं नाही. नकाशा मामांपाशीच राहिला, त्यांनी तो प्लास्टिकमध्ये बसवून घेतला. मला किमान पन्नासदा दाखवला असेल. "येल बातमी," असं दरवेळी म्हणायचे.

गेल्या गणपतीनंतर एकदा त्यांनी तो पुन्हा काढला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या डोक्यात उजेड पडला. नकाशाच्या कोपऱ्यात बाईंचं नाव होतं, संस्थेचंही होतं. मी म्हटलं, "मामा, वाट कशाला बघायची? मी शोधून त्यांना मेल करते. दोन मिनिटांचं काम."

मला वाटलं मामा पुन्हा जिलेबी आणतील. त्यांनी नकाशा माझ्या हातातून ओढूनच घेतला. "नको बाई. त्यांना कामं असतात," म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पाच दिवस माझ्या पोळ्या टम्म फुगल्या आणि मला त्या गोड लागेनात. सहाव्या दिवशी मामी वर आल्या. "तुमी त्यांना काय बोल्लाव?" त्यांनी विचारलं. "पेपर येतो, घडी मोडत नाय. कात्री गादीखाली घातलीय."

मी गेले तर मामा गच्चीवर टाकीच्या सावलीत बसले होते. मी शेजारी बसले. ते आपणहून बोलू लागले.

"काच भट्टीतून काडली का हलूहलू निववाय लागते, बाई. घाई केली तर आतन ताण ऱ्हातो. डोल्यांना दिसत नाय. भांडं सोन्यासारखं दिसतं, आन् म्हयन्यांनी, वर्सांनी, उभ्या उभ्या चीर जाते."

"नकाशावाल्या बाईंचं भांडं?" मी विचारलं.

"त्या दिवशी माज्या भाचीची हलद होती. आमच्याकडं मामाबिगर हलद लागत नाय. दोनदा बहिनीचा निरोप आला. भांडं अजून दोन घंटे निववायच्या पेटीन ठेवाय पायजे होतं. मी काडलं, पुसलं, बाईंच्या हातान दिलं आन् पलालो." ते टाकीकडे बघत होते. "हलदीन सगले नाचले. मना रातभर त्ये भांडंच दिसत होतं."

मग मला सगळं उमगलं. मामा इतकी वर्षं आपल्या काचेचं कौतुक शोधत नव्हते. हवेच्या, उन्हाच्या, इंधनाच्या प्रत्येक बातमीत ते एवढंच बघत होते, की बाईंचं काम पार पडलं का. ते पार पडल्याची बातमी येत नव्हती, आणि मामांनी मनाशी धरलं होतं, की आपल्या त्या दोन तासांनी एका बाईची सगळी मेहनत वाया गेली. माझ्या मेलला उत्तर आलं असतं तर तेच आलं असतं, ही त्यांची भीती.

"कळलेलं बरं की न कळलेलं?" मी विचारलं.

मामांनी शेजारच्या टाकीवर टिचकी मारून आवाज ऐकला. मग म्हणाले, "लिवा. पन घाई मी केली ते पयलं लिवा."

मी तसंच लिहिलं. हळदीसकट. चौथ्या दिवशी उत्तर आलं. बाई आता निवृत्त झाल्या आहेत. मी ते मामांच्या घरी, मामींसमोर वाचून दाखवलं. मामा पलंगाच्या कडेवर, शाळेतल्या मुलासारखे हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते.

"हिराजीभाऊ," बाईंनी लिहिलं होतं, "तुमचं भांडं कधीच तडकलं नाही. तुमचं भांडं येण्याआधी आमच्या जुन्या, साध्या भांड्यांत प्रयोग फार छान जमत होता. इंधन बनतंय असं दिसत होतं, आम्ही खूश होतो. तुमच्या भांड्यात ते बनेना. महिनाभर आम्ही तुमच्या सांध्यांनाच दोष दिला. शेवटी तपासलं, तर जुनी भांडीच बारीक गळत होती, बाहेरच्या हवेतल्या इंधनासारख्या वाफा आत शिरून आम्हाला फसवत होत्या. तुमचं भांडं तेवढं खरं बोलत होतं. माझी कल्पनाच चुकीची होती. ती तुमच्यामुळे वेळेत कळली, म्हणून पुढची वर्षं वाचली, आणि नंतर जे थोडंफार जमलं ते त्यामुळे जमलं. काही निघालं तर कळवीन असं मी म्हणाले होते. काही निघालं नाही, म्हणून तुम्हाला तोंड दाखवायची मला लाज वाटली. आभार मानायला इतका उशीर केला, त्याबद्दल क्षमा करा. भांडं माझ्या घरी आहे. फोटो पाठवते."

"परत वाचा," मामा म्हणाले. मी परत वाचलं. "गलत नव्हतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही मामा, गळत नव्हतं.

मग मी फोटो दाखवला. मामांनी माझा फोन घेतला, खिडकीच्या उजेडाकडे धरला, एक डोळा मिटला आणि सवयीने फोन डोक्यावर उचलून खालून बघितलं. मामींना हसू आवरेना. मामाही हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून वाहायला लागले. बाईंनी भांडं उलटं ठेवून दुसरा फोटोही काढला होता. बुडाशी मोहरीएवढा ठिपका होता.

त्या संध्याकाळी पहिल्या मजल्यावरून हळदीत गातात तो धवला ऐकू येत होता. गाणारा आवाज पुरुषाचा आणि पार बेसूर. मामींनी मला नंतर सांगितलं, की मामांनी भाचीला फोन लावला होता आणि तिलाच ऐकवत होते. तीही आता सासू झाली आहे.

दुसऱ्या दिवशी सातला बेल वाजली. पोळी तव्यावर होतीच. मामांच्या हातात कात्रण, कुठल्याशा नव्या औषधाच्या शोधाचं.

मी सांगायला तोंड उघडलं, की यात काच अमुक ठिकाणी आहे. त्यांनी हात वर केला.

"काच ऱ्हाऊं द्या आज. ह्यांच्या आधी कोनाकोनाचं नाय जमलं, त्ये लिवलंय का ह्याच्यान?"

मी बातमी खालपर्यंत वाचली. नव्हतं लिहिलेलं.

"लिवाय पायजे," मामा म्हणाले. "त्यांचेपन उपकार हायेत."

आतून पोळी करपल्याचा वास आला. मी गॅस बंद केला, मामांना आत बसवलं आणि मुद्दाम काचेच्या पेल्यात चहा दिला. मामांनी तो बूड न बघता, गरम गरम प्यायला.