लोडर उड्या मारतो

लोडर उड्या मारतो, ही तक्रार एकाच खडीच्या क्रशरवरून तिसऱ्यांदा आली, तेव्हा अंबडच्या सर्व्हिस सेंटरच्या साहेबांनी नौशाद मेकॅनिकला केबिनमध्ये बोलावून घेतलं.

"वत्सलाबाईंकडे तू दोनदा जाऊन आलास," साहेब म्हणाले. "दोन्ही वेळा मशीन ओके म्हणून सांगितलंस. बाई म्हणतात, तसूभर फरक नाही."

"साहेब, मी स्वतः चालवून बघितलं. एकदम मख्खन चालत होतं."

"तुझ्या हातात मख्खन आणि त्यांच्या हातात दगड, असं कसं होईल? आज जाऊन ये. पण चौथी तक्रार आली, तर तुझं साईटवर जाणं बंद. गोडाऊनमध्ये बसायचं आणि वॉशर मोजायचे."

चार भिंतींत बसणं नौशादला जन्मात जमलं नव्हतं. घाटात, धरणावर, खाणीत जाऊन बंद पडलेलं मशीन चालू करावं, तिथल्या माणसांचा चहा प्यावा आणि संध्याकाळी काळ्या हातांनी घरी यावं, यातच त्याचं सुख होतं. वॉशर मोजायच्या कल्पनेनं त्याला व्हॅनमध्ये बसल्या बसल्याच कोंडल्यासारखं झालं.

लोडर म्हणजे पुढे मोठी बकेट असलेलं, माणसाच्या उंचीच्या चाकांचं धूड. त्याला ट्रकसारखे स्प्रिंगचे पाटे नसतात. भरलेली बकेट घेऊन ते निघालं की पुढचं वजन खाली-वर हिसके देतं आणि आतला माणूस खिळखिळा होतो. म्हणून बकेट उचलणाऱ्या हातांमधल्या तेलाला एका पोलादी टाकीतल्या गॅसची उशी दिलेली असते. खड्डा आला की तेल त्या उशीवर दाबलं जातं आणि हिसका तिथेच जिरतो. पहिल्या खेपेला नौशादने टाकीत गॅस भरला होता, कारण तो खरोखरच कमी होता. दुसऱ्या खेपेला काही सापडलं नाही, तेव्हा रिकाम्या हाताने कसं परतायचं म्हणून एक व्हॉल्व्ह बदलला होता. आता बदलायला काही उरलं नव्हतं.

वत्सलाबाईंचा क्रशर इगतपुरीच्या अलीकडे, हायवेपासून आत होता. क्रशरच्या शेजारीच त्यांचं घर, आणि आज त्यांच्या मुलीचा, सविताचा साखरपुडा. कार्यक्रम हायवेवरच्या मंगल कार्यालयात होता, पण बासुंदी मात्र घरच्या म्हशींच्या दुधाची आणि बाईंच्या डोळ्यांसमोर आटवलेली हवी, म्हणून यादव आचारी पहाटेपासून अंगणातल्या चुलाणाशी उभा होता. बाई स्वतः भरजरी साडी नेसून ऑफिसच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. तिथून त्यांना चूलही दिसत होती आणि लोडरही.

"आला का?" त्या म्हणाल्या. "आज नीट कर बाबा. ह्या भारतची कंबर पार गेलीय. लग्नात नाचायला नाय यायचा."

भारत हा लोडरचा ऑपरेटर. त्याने कमरेचा पट्टा दाखवला आणि कण्हत बाजूला झाला.

नौशादने बकेट जमिनीवर टेकवली, इंजिन बंद केलं, तेलाचा दाब पूर्ण सोडला आणि टाकीला मीटर लावला. गॅस पुरेपूर होता. वायर धड, स्विच धड, व्हॉल्व्ह तर नवाच. बकेटमध्ये खडी भरून त्याने हायवेपर्यंत झपाट्यात एक फेरी मारली. लोडर पाण्यावरून होडी जावी तसा गेला आणि आला. नौशाद खाली उतरला तो चिडूनच. इतक्या चांगल्या मशीनवर तक्रार करणाऱ्यांचा त्याला राग आला आणि रागात माणूस जे बोलू नये ते बोलतो.

"काकू, ह्या बकेटमध्ये पाण्याचा हंडा भरून ठेवा. थेंब जरी सांडला तर नाव बदलीन."

"तुझं नाव बदलून मी काय करू?" वत्सलाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात बासुंदी न्यायच्या टेम्पोचा ड्रायव्हर तोंड पाडून आला. टेम्पो पंक्चर होता आणि स्टेपनी कालपासून पंक्चरवाल्याकडेच होती. बाईंचा फोन वाजला. कार्यालयातून सांगत होते की पाव्हणे पंगतीला बसायचं म्हणताहेत, बासुंदी कुठाय. बाईंनी चुलीजवळच्या दोन अगडबंब पातेल्यांकडे पाहिलं, मग लोडरकडे, मग नौशादकडे. बाईंनी तोंड उघडायच्या आधीच नौशादला सगळं कळलं होतं.

"काकू, मी हंडा म्हणालो होतो."

"हंडा काय नि पातेलं काय. धुवा रे ती बकेट."

बकेट पाण्याने खसाखसा धुतली गेली. तळाला गोणपाटं, त्यावर पातेली, भोवती वाळूच्या गोण्या आणि तोंडांना पांढरी फडकी बांधून वरात तयार झाली. भारत स्टिअरिंगवर, त्याच्या शेजारी अंग चोरून नौशाद. यादवच्या मोटारसायकलवर मागे वत्सलाबाई, आणि ती मोटारसायकल लोडरच्या पुढे. बाईंनी मागे वळून हात खाली-वर करायला सुरुवात केली.

"हळू. हळू घे. अजून हळू."

लोडर माणसाच्या चालीने निघाला. पहिल्याच खड्ड्यात बकेट धाडकन दबली आणि उसळली. दुसऱ्या खड्ड्यात फडकं ओलं झालं. तिसऱ्या खड्ड्यानंतर वेलची-जायफळाचा वास केबिनपर्यंत आला. नौशादला तो वास गोडाऊनचा वाटला.

"हे बगा," भारत शांतपणे म्हणाला, "रोज असंच होतं."

"रोज? तू रोज इतकाच हळू चालवतोस?"

"मंग? बाई वट्ट्यावरून हात करत्यात ना. जरा जोर केला की शिव्या."

नौशादने कपाळावर हात मारून घेतला. "अरे, मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं कुठं? आन् हळू चालवल्यानं गाडी उडती, असं मी कोनाला सांगू? लोक यडा म्हणतील मला."

लोडर इतका हळू होता की तो थांबवायचीही गरज नव्हती. नौशादने शिडीवरून उडी मारली आणि धावत मोटारसायकल गाठली.

"काकू, बाजूला व्हा. भारतला जोरात जाऊ द्या."

"डोकं ठिकाणावर हाय का तुझं? बासुंदी हाय ती, मुरूम नाय."

"हळू चाललं की ती गॅसची उशी बंद असते. जरा पळायला लागलं की आपोआप चालू होते."

"असं कोन करंल? हळू चालवनाऱ्याला शिक्षा?"

"ढिगात बकेट घुसवताना ती ताठ लागते काकू. तेव्हा उशी असली तर जोर वाया जातो. म्हणून हळू असताना बंद. भारतची कंबर मशीनने नाही गेली."

"मंग कशानं गेली?"

नौशादने त्यांच्या अजून खाली-वर होणाऱ्या हाताकडे पाहिलं. वत्सलाबाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं आणि तो पदराखाली घेतला.

"बाई, काय ते लवकर ठरवा," यादव म्हणाला. "एवढ्याच चालीनं गेलो तर पाव्हण्यांना नुसती पातेली पोचतील."

बाईंना पटलं नव्हतं, पण पंगत बसली होती. "जा," त्या म्हणाल्या. "पन सांडली तर सविताच्या सासूला तू सांगायचं, कोनी सांडली ते."

नौशाद केबिनमध्ये चढला आणि त्याने अल्लाचं नाव घेतलं. भारतने विठ्ठलाचं घेतलं आणि पाय दाबला. पहिले दोन खड्डे जीव घेणारे गेले. मग वेगाचा काटा वर सरकला, बकेट एकदा हलकी झाली आणि निवांत तरंगायला लागली. खड्डे चाकांखालून जात राहिले आणि पातेली जागची हलली नाहीत. मागे मोटारसायकलवरून बाईंचा आवाज येत होता, "जोरात घे रे भारत, रेंगाळू नको."

कार्यालयाच्या दारात फेटे बांधून उभे असलेले पाव्हणे धावत येणारा पिवळा लोडर पाहून आधी पांगले आणि मग बकेटमध्ये काय आहे ते कळल्यावर परत गोळा झाले. नौशादला बाईंनी पंगतीत बसवलं आणि तिथूनच त्याच्या साहेबांना फोन लावला.

"लोडर झ्याक झाला. तुमचा पोरगा हुशार हाय, त्याला कुठं हलवू नका."

नौशादने ते कान भरून ऐकलं आणि बासुंदीची दुसरी वाटी मागून घेतली.

सोमवारी साहेबांनी त्याला पुन्हा बोलावलं.

"वत्सलाबाईंची चौथी तक्रार आली आहे."

नौशादने विचारलं, "लोडर?"

"लोडर उत्तम आहे. टेम्पो उड्या मारतो. परवा पंक्चर निघाल्यावर त्या कार्यक्रमाची भांडी आणि पाच पाव्हण्या घेऊन टेम्पोतून घरी गेल्या. ड्रायव्हर हळू चालवत होता, तर त्याला दम देऊन जोरात चालवायला लावला. दोन पाव्हण्यांच्या डोक्याला टेंगळं आली आहेत. टेम्पोत काय बिघडलंय ते नौशादलाच कळेल, असं त्यांचं म्हणणं आहे."

"साहेब, पण आपण टेम्पोची कामं करत नाही."

"मी सांगितलं त्यांना."

"मग?"

"त्या म्हणाल्या, बासुंदीच्या दोन वाट्या खाताना तो तसं काही बोलला नाही."

नौशादने टेबलावरची व्हॅनची किल्ली उचलली.