दात भाडेकरू, जबडा घरमालक

भास्करनाना रस्त्यात भेटले तर नमस्कार करत नाहीत. ते हातातली पिशवी खाली ठेवतात, दोन्ही हातांची बोटं तुमच्या दोन्ही कानांपुढे टेकवतात आणि म्हणतात, "आ करा." तुम्ही सज्जन असाल तर आ करता. "आता मिटा. परत आ. हं, मिटा." धुळ्याच्या भर आग्रा रोडवर, सायकली आणि टांगे दोन्ही बाजूंनी जात असताना, तुम्ही पाण्याबाहेरच्या माशासारखे उभे असता. मग नाना निकाल देतात, "डावा सांधा कुरकुरतोय. येऊन जा कधीतरी." पिशवी उचलतात आणि मेथीची जुडी घ्यायला निघून जातात.

नाना दातांचे डॉक्टर. गल्ली नंबर पाचमध्ये आमच्या घरासमोर खाली त्यांचा दवाखाना, वर घर. पाटीवर 'दंतवैद्य' असं लिहिलंय खरं, पण दातांबद्दल त्यांना फारशी आस्था नाही. "दात म्हणजे भाडेकरू," ते म्हणायचे. "येतात, राहतात, जातात. जबडा हा घरमालक. पण घरमालकाची विचारपूस करतो का कुणी?" विचारपूस करायला नाना एकटेच होते, आणि ती त्यांनी सगळ्या धुळ्याची केली.

दवाखान्यात टेबलावर फुटाण्यांची बरणी असे. एकदा पारोळ्याचा एक माणूस दाढ धरून, डोळ्यांत पाणी आणून आला. नानांनी त्याच्या हातावर फुटाणे ठेवले. "साहेब, दाढ ठणकतेय हो!" "ते नंतर. आधी चावा, मला बघू द्या." मग त्याला दात आवळायला लावून गालावरचा स्नायू कसा फुगतो ते दाबून पाहिलं. कानशिलावर बोटं ठेवून तिथला पाहिला. त्याचीच तीन बोटं एकावर एक धरून त्याच्या तोंडात उभी मावतात का तेही पाहिलं. जबडा उघडताना किंचित उजवीकडे झुकतो असं दिसल्यावर नाना इतके खूश झाले की त्यांनी त्या माणसाला चहा पाजला. तो बिचारा स्टँडपर्यंत गेला, आणि गाडीत बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की दाढ तोंडातच आहे.

स्टेथोस्कोप तर ते छातीला कधी लावतच नसत, कानापुढे लावत. सोनगीरची एक म्हातारी त्यानं इतकी घाबरली की म्हणाली, "डाक्टर, मी सूनले कायबी बोलत नही, भो!" आपल्या मनातलं सगळं त्या नळीतून डॉक्टरांना ऐकू जातंय अशी तिची समजूत झाली होती. त्यात तिचं फारसं चुकलं नव्हतं, पण ते मला पुढे कळलं.

नानांची कीर्ती झाली ती दोंडाईच्याच्या एका लग्नात. मंगलाष्टकं लांबली होती. भटजींना आवाज होता आणि तो त्यांना माहीत होता. नवऱ्या मुलाच्या मामांना मोठी जांभई आली आणि जबडा तसाच वासलेला राहिला. आता पुढचं मंगलाष्टक मामा म्हणणार असं समजून लोक आदरानं गप्प झाले. मामांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, तर बायका म्हणाल्या, भाच्यावर किती जीव! नाना मात्र अक्षता टाकून धावले. मामांना खुर्चीवर बसवलं, त्यांचंच उपरणं दोन्ही अंगठ्यांना गुंडाळलं, अंगठे मागच्या दाढांवर ठेवले, जबडा खाली दाबून मागे लोटला. कट्! जबडा जागेवर बसला आणि नानांचा उजवा अंगठा आतच राहिला. त्यांनी मारलेल्या आरोळीला लोकांनी 'सावधान' समजून अक्षता टाकल्या.

नानांना शाल-नारळ मिळाला. तेवढ्यावर थांबायचं, तर ते अंगठ्याला फडकं बांधून पंगतीत फिरायला लागले. वाढप्यांच्या मागे मागे, जेवणाऱ्यांची कानशिलं न्याहाळत. शेवटी वधूच्या आईजवळ जाऊन हळूच म्हणाले, "वरपक्ष चावत नाही, गिळतो. मुलीला सांगून ठेवा." त्या माउलीनं पाठवणीच्या आधीच रडायला सुरुवात केली.

तेव्हापासून नानांना आमंत्रणं यायची ती फक्त अक्षतांची. "नाना, आशीर्वादाला नक्की या हं. जेवणाची गडबड करू नका." आमच्याही घरी तेच. ते ओट्यावर आले की माझी बायको निर्मला तोंडातला घास गिळून पदर ओढून घ्यायची. ज्याच्यासमोर घास चावायची चोरी, त्याला ताटावर कोण बोलावणार? एक माझी आई, अक्का, तेवढी वेगळी. हिवाळ्यात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजून भरीत केलं की एक डबा समोर जायचाच. "एकटा माणूस शे तो," एवढंच म्हणायची.

एका दिवाळीनंतर अक्का गेली. माझे वडील, आबा, एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. सगळी उमर आग्रा रोडवर ट्रकवाल्यांना शिव्या घालण्यात गेलेली. ते रडले नाहीत. तिरडीची दोरी नीट बांधली नाही म्हणून माणसांवर ओरडले, आल्यागेल्याला चहा झाला का बघितलं, तेरावं उरकलं. आणि मग हळूहळू जेवायचे थांबले.

आधी भाकरी परत यायला लागली. मग भात. मग निर्मला भाताची पेज करून देऊ लागली, तीही अर्धी वाटीत उरायची. "माले भूक नही," आबा म्हणायचे, तेही दातांच्या फटीतून. तोंड उघडतच नव्हतं, जेमतेम एक बोट जाईल एवढं. सदरा खांद्यावरून लोंबायला लागला. त्यात आबांना जन्माची तंबाखूची सवय. गल्लीतल्या बायका निर्मलाला बाजूला घेऊन काहीतरी कुजबुजायच्या, आणि "मुंबईला दाखवा" म्हणायच्या. मुंबईला काय दाखवायचं असतं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मला फार भीती वाटत होती. आई नुकतीच गेली होती.

समोरच जबड्याचा डॉक्टर, पण आबा ऐकतील तर शपथ. दोघं एकाच गावचे, सोनगीरच्या शाळेत एका बाकावर बसलेले. म्हणूनच जास्त अडचण. "भास्कऱ्या? तो दातकोऱ्या? मना बत्तीसना बत्तीस दात शेत. एखादा उपटी लई जाई!" मी पाया पडलो. "तोंड उघाडाले मी काय मगर शे का?" म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मी नानांना सांगितलं. मला वाटलं, आता हे बोटं पुढे करून धावत येणार. पण त्या दिवशी ते आमच्याकडे फिरकलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी डबा घेऊन आमच्या ओट्यावर आले, आबांच्या शेजारी बसले आणि जेवायला लागले. आ करा नाही, मिटा नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. कडक झालेली, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, स्वतःच्या हातची, आणि कांदा. आबा डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते. माणूस ड्रायव्हर, दुसऱ्याची चूक दिसली की त्यांना राहवत नसे. शेवटी म्हणालेच, "भास्कऱ्या, एकाच बाजूनं चावस तू. बकरी तरी बरी!"

"असं?" नाना म्हणाले. "मग तू दाखव कसं चावतात ते."

आबांनी तोऱ्यात भाकरीचा तुकडा घेतला. तोंड एक बोट उघडलं आणि तिथंच अडलं. चेहऱ्यावर कळ उमटली. पण तेवढ्यात नानांची बोटं कानांपुढे पोचली होती, आणि त्या बोटांतून सुटलेला माणूस धुळ्यात नाही.

नानांनी सगळं केलं. सांधा ऐकला, गाल दाबले, कानशिलं चाचपली. मग गालाच्या आत बोट घालून, बॅटरीच्या उजेडात, सावकाश, कानाकोपरा बघितला. मी दाराशी उभा होतो. निर्मला माझ्यामागे देवाचं नाव घेत होती.

"गाठ नाही," नाना म्हणाले. "आतली कातडी मऊ आहे. सांधाही सरळ आहे. हे स्नायू तेवढे आवळून ठेवलेत यानं, झोपेतसुद्धा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अक्का गेल्यापासून हा रडला का रे?"

मी नाही म्हणालो. आबा म्हणाले, "काबरं रडू?" आणि पुन्हा दात आवळले. नानांच्या बोटांखाली गाल टरारून फुगलेला मलाही दिसला.

औषध म्हणजे मिठाची गरम पुरचुंडी आणि नानांचे अंगठे. रोज दुपारी ते यायचे, आबांचे गाल शेकून चोळायचे, "आ कर" म्हणायचे आणि शिव्या खायचे. एके दिवशी चोळता चोळता सहज म्हणाले, "अक्काचं भरीत यंदा नाही मिळालं." आबांचा जबडा थरथरला आणि सैल पडला. मग तोंड उघडलं ते हुंदक्यानंच. एवढा थोरला गडी ओट्यावर पोरासारखा रडत होता. नाना अंगठे न काढता म्हणत होते, "आ कर. अजून. हां, अस्सं."

थंडी सरायच्या आत निर्मलानं भरीत केलं. आबांची तीन बोटं आता तोंडात उभी मावत होती. कळण्याची भाकरी त्यांनी दोन्ही बाजूंनी, कुणालाही शिकवणी देता येईल अशी चावून दाखवली. नाना समाधानानं उठायला लागले, तसा आबांनी त्यांचा हात धरून खाली बसवलं.

"आते तू आ कर."

"मी? मला काय झालंय?"

"कर म्हणस ना!"

स्टिअरिंग धरून घट्टे पडलेले ते हात नानांच्या कानांपुढे टेकले. रोज दुपारी नानांची बोटं अंगावर घेऊन आबांना जागा पाठ झाल्या होत्या. नानांनी आ केला. कट् असा आवाज आला, मलाही ऐकू आला. आबांनी गाल दाबून पाहिले आणि त्यांचा चेहरा बदलला.

"अरे, हाऊ तं दगड शे! भास्कऱ्या, कवयपासून दात खाई राहिना तू?"

नाना आमच्याशी जन्मभर पुस्तकी मराठी बोलले. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून गावची बोली ऐकली.

"कुसुम गई, तवयपासून."

कुसुमकाकू, नानांची बायको, गेल्या तेव्हा मी शाळेत होतो. सगळ्या धुळ्याचे जबडे चाचपणाऱ्या या माणसाच्या गालाला तेव्हापासून कुणाचा हात लागला नसावा.  आबांनी मिठाची पुरचुंडी तव्यावर टाकायला सांगितली आणि आत बघून ओरडले, "निर्मला, भास्कऱ्याचं ताट वाढ. आजपासून रोज."

आता नाना रोज आमच्याकडे जेवतात. निर्मला पदर ओढत नाही. नानांना दुसऱ्याकडे बघायला सवडच नसते, कारण आबा शेजारी बसून त्यांच्या कानशिलावर नजर ठेवून असतात आणि घासाघासाला म्हणतात, "डाव्या बाजूनं, भास्कऱ्या. डाव्या बाजूनं."