एकाच कपाटातल्या पेशी

प्रयोगशाळेत अकरा वर्षे मूलपेशींवर काम चालले होते आणि त्या सगळ्या पेशी पुरुषांच्या होत्या. यात पक्षपात मुळीच नव्हता. पहिल्या दिवशी अस्थिमज्जा द्यायला आलेला इसम पुरुष होता आणि पुढे दरवर्षी मागणीच्या अर्जावर ‘पूर्वीप्रमाणेच’ एवढेच लिहिले गेले.

या पेशींना ‘वाढा, रक्त तयार करा’ असा निरोप देणारी गोळी अखेर तयार झाली. एक तारखेपासून ती अंगात रक्त तयार न होणाऱ्या रुग्णांवर तपासायची होती. यादीत गोळी बनवणाऱ्या संशोधिकेची थोरली बहीणही होती. म्हणून कुणी सांगितलेले नसताना संशोधिकेने ताईच्या आणि आणखी नऊ बायकांच्या पेशी आणून त्याच उबदार कपाटात ठेवल्या. पुरुषांच्या पेशींनी निरोप ऐकला, त्या वाढल्या आणि थांबल्या. बायकांच्या पेशींनी तोच निरोप इतका मनावर घेतला की त्या थांबेचनात, आणि पाचव्या दिवशी दमून मेल्या. डोस निम्मा केल्यावर मात्र व्यवस्थित नांदल्या.

ती धावतच विभागप्रमुखांकडे गेली.

“सर, बायकांचा डोस निम्मा करायला हवा.”

“ते बघू. पण बायका-पुरुषांच्या पेशी एकाच कपाटात? परवानगी कुणाची घेतलीत?”

“सर, त्या पेशी आहेत.”

“मी कुठे नाही म्हणतोय? उद्या वरून विचारणा झाली, तर उत्तर मला द्यावं लागतं.”

मग दोन कपाटे आली. तिने सगळा प्रयोग पहिल्यापासून केला. निष्कर्ष तोच निघाला.

“आता हा फरक पेशींचा की कपाटांचा?” विभागप्रमुख म्हणाले. “कसं सांगणार तुम्ही?”

संशोधिकेने कपाळाला हात लावला. प्रकरण समानता समितीकडे गेले. समितीत पाच सद्गृहस्थ होते. खोलीत आलेली एकमेव बाई म्हणून संशोधिकेने आधी चहाचे कप फिरवले.

“बायकांना निम्मा डोस?” अध्यक्ष कडाडले. “कुठल्या जमान्यात आहात, बाई? आम्ही असेपर्यंत बायकांना काहीही निम्मं मिळणार नाही!”

सदस्यांनी बाके वाजवली. मग दोन्ही पेशींच्या निष्कर्षांची सरासरी काढण्यात आली. सरासरी पेशी फार गुणाची निघाली. ती जराशी वाढत होती आणि मरत अजिबात नव्हती. अशी पेशी कुणाच्याच अंगात नसते, पण तिला एकमताने मंजुरी मिळाली आणि डोस सगळ्यांना सारखाच, पूर्ण ठरला.

“ताई, नाव काढून घे,” संशोधिका घरी येऊन म्हणाली.

“अगं, दोन वर्षं वाट बघितलीय मी. दुसरं औषध आहे का? आणि धाकट्या बहिणीनं केलेली गोळी मीच नाही घेतली, तर लोक काय म्हणतील?”

“मग निम्मी तोडून तरी घे.”

“नर्स समोर उभी राहून गिळायला लावते, तोंड उघडून बघते. शाळेत असल्यासारखं वाटतं बघ.” ताई हसली.

नवव्या दिवशी ताई म्हणाली, हाडे आतून ठणकताहेत. डॉक्टरांनी नोंद केली : ‘रुग्ण स्वभावाने हळवी. समजूत घातली.’ पंधराव्या दिवशी तिला उभे राहवेना. नोंद झाली : ‘पूर्वीप्रमाणेच.’ पाचव्या आठवड्यात ताई गेली. अहवालात तिच्या नावापुढे ‘चाचणी मध्येच सोडली’ असा शेरा आहे. ज्यांनी चाचणी पूर्ण केली, त्यांच्यात गोळी शंभर टक्के यशस्वी ठरली.

संशोधिकेने एवढेच केले, की भांडून भांडून गोळीच्या पाकिटातल्या कागदावर बारीक अक्षरांत ‘बायकांनी निम्मा डोस घ्यावा’ अशी एक ओळ छापून घेतली. तो कागद आपण सगळेच टाकून देतो. आणि घरातली बाई गोळी घेऊन म्हणाली, की मला कसंतरीच होतंय, तर आपण वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणतो, “तुझं आपलं नेहमीचंच.”